रोजकीर्द

फोंड्याला, वरच्या बाजारात, सुपारीच्या वखारीवर
माझी भाड्याची खोली. खाली पोती, वर मी
आणि एक जुनं मशीन, झाकण काढलेलं.

रात्री साडेदहाला मी प्लग ओढते.
पुन्हा लावते. पुन्हा ओढते.
वहीत खूण: एकोणचाळीस.

आम्ही सतरा जण बांधतो आहोत ही प्रणाली,
गावकारीच्या शेतासारखी, नाव कुणा एकाचं नाही,
बांध फुटला तर मात्र ज्याला दिसेल त्यानं धावायचं.
मला दिसला.
वीज गेली की आमचं मशीन उठायचं ते भांबावून,
तासभर डिस्कचा कानाकोपरा चाचपत,
कुणाचं काय कुठे होतं, विचारत.
आणि फोंड्यात वीज जाते. फणसाची फांदी पडते, जाते.
काही न पडताही जाते.

म्हणून चार महिने हे चाललंय:
कुठलाही बदल जागेवर करण्याआधी
बाजूच्या पट्टीत लिहायचं, काय करणार आहे.
खाली एक शिक्का: ठरलं.
मग खरं काम.
उठल्यावर शिक्का दिसला तर सगळं पुन्हा करायचं,
नसेल तर ते कधी मनात आलंच नव्हतं.

सोपं वाटतं. पण डिस्क खोटं बोलते.
"लिहिलं" म्हणते आणि घोट तोंडातच धरून ठेवते.
तिला गिळायला लावण्यात माझा अख्खा मार्च गेला.

एक्केचाळिसाव्या खटक्याला सगुणमाम वर आले,
वखारीचे कारकून, चष्मा कपाळावर.
"बाये, कितें गो हें? खाली माझा बल्ब फडफडतोय."
सांगितलं, जमेल तसं.
ते हसले नाहीत.
"म्हणजे आधी रोजकीर्द, मागीर खतावणी.
एवढ्याला चार महिने?"

मग टेबलाला टेकून, माझ्याकडे न बघता:
एका वर्षी घाई होती,
सरळ खतावणीतच लिहायला घेतलं.
कायतान, बोरीचा. बारा पोती.
नाव लिहिलं, पोती लिहिली,
रकमेच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि काट्यावरून कुणी हाक मारली.
परत आलो तो दुसऱ्याच पानावर.
वर्षाअखेरी कायतान पैसे मागायला आला.
शेट म्हणाला, दिले असतील, म्हणून तर कोरं आहे.

"नोंदच नसती तर मी तोंडानं साक्ष दिली असती.
अर्धी होती.
अर्ध्याचा अर्थ शेटनं लावला, मी गप्प.
अजून दिसतो बाजारात. मी भाजीकडे वळतो."

काय बोलावं सुचेना, म्हणून प्लग ओढला. लावला.
चार सेकंदांत पडद्यावर:
तीन नोंदी पुन्हा केल्या. एक अपुरी, टाकली.
सगुणमामांनी ओठ हलवत वाचलं.
"टाकली ती कुणाची?"
"कुणाची नाही. चाचणीची."
"हं," म्हणाले. "आणि मागचं? मागचं बसतं ह्यात?"

बसत नाही. पट्टी लहान असते,
गोल फिरून जुन्यावरच नवं लिहिते.
शिवाय ती सांभाळते नाव, जागा, माप.
आतल्या मजकुराची हमी देत नाही.
हेही सांगितलं मी, पण ते तोवर जिन्यात होते,
एक एक पायरी, कठड्याला धरून.

सकाळी दुधाला उतरले तर गल्ल्यावर वही उघडी.
तारखेखाली, बारीक, सरळ अक्षरात:
बोरीस कायतान यांजकडे जाणे. बारा पोती.
पुढचा रकाना कोरा.
भिंतीपाशी सायकल नव्हती.

दूध तापवलं. वर गेले.
त्रेचाळीस.